जालन्याचा ट्रॅक्टर

बिरूआप्पांनी एकदा दाराची कडी आणायला शिरूर गाठलं होतं. आमच्या खुटबावपासून केडगाव सायकलच्या टप्प्यात आहे. तिथं हार्डवेअरची दुकानं हारीनं उभी आहेत आणि सगळ्यांत कड्या टांगलेल्या असतात. आप्पा मात्र चौफुल्याला गेले, तिथून वडापच्या जीपनं भीमा ओलांडून न्हावऱ्याला उतरले, पुढं दुसरी गाडी धरून शिरूरला पोचले आणि दिवस मावळायला कडी घेऊन परत आले. ती आखूड निघाली. दुसऱ्या दिवशी ते ती बदलून आणायला पुन्हा शिरूरला गेले.

मी त्यांचा शेजारी. त्यांचं डाळिंब आणि आमचं घर, मधे फक्त एक बांध. मी कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे. शिफ्ट संपवून घरी आलो की अंगणातल्या खाटेवर पडल्यापडल्या मला आप्पांचं सगळं रान दिसतं आणि आप्पाही दिसतात. एकदा मी न राहवून विचारलं, "आप्पा, केडगावात काय कमी हाय?"

"तिथला दुकानदार वळखतो मला," ते म्हणाले.

"मग चांगलंच की."

"वळखीच्या माणसाला कुणी खरं सांगत न्हाई, अन्वर. लांबचा माणूस खरं सांगतो."

हे त्यांचं तोवरचं माझ्याशी झालेलं सगळ्यांत लांब बोलणं. एरवी त्यांच्याकडं दोनच शब्द. एक "व्हय" आणि एक "न्हाई". फारच गळ्याशी आलं तर "बघू". त्यांच्या वाडवडलांनी मेंढरं घेऊन मुलुख पालथा घातलेला, त्यामुळं अंतराचं त्यांना काही वाटत नसे. चष्मा संगमनेरचा, छत्री फलटणची, पायातल्या वहाणा कुठल्या ते मी विचारलंच नाही. पण आप्पांची बायको, आमच्या काकी, होत्या तोवर हे सगळं हद्दीत होतं. काकी गेल्या, मुलगा महादू नोकरीसाठी चाकणला राहायला गेला, आणि आप्पांची दुकानं आणखी लांब लांब जायला लागली.

तरी ते ट्रॅक्टरसाठी जालन्यापर्यंत जातील असं मला वाटलं नव्हतं.

डाळिंबाच्या दोन ओळींतून मोठा ट्रॅक्टर जात नाही. मिनी ट्रॅक्टरच लागतो. महादू म्हणाला, घेऊन टाकू. आमच्या हायवेला यवतपासून पुढं ट्रॅक्टरची शोरूम रांगेत आहेत, रिकाम्या हातानं नुसतं चालत गेलं तरी कुणीतरी आत ओढून चहा पाजतं. आप्पांनी कुठल्याशा कृषी प्रदर्शनात मिळालेली एक कापडी पिशवी काढली. तिच्यावर जालन्याच्या एका डीलरचा नंबर छापलेला होता. त्यांनी तिथं फोन लावला.

फोन वैशाली नावाच्या बाईंनी उचलला. त्या शोरूममध्ये चौकशीच्या टेबलावर बसायच्या. त्या दिवसापासून वर्षभर आप्पा त्यांना फोन करत होते.

मी खाटेवरून बघायचो. रोज दुपारी जेवणं झाली की आप्पा फोन कानाला लावून बांधावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचे. हातवारे करायचे. मधेच थांबून हसायचे. दोन शब्दांवर दिवस काढणारा माणूस एवढं काय बोलतो, हे मला कोडं होतं. कधी वारा आमच्या बाजूला असला की एखादं वाक्य ऐकू यायचं. "त्याच्या आवाजानं मेंढरं बुजत्याल का?" किंवा, "हॉर्न वाजवून दाखवा की जरा." मग ते फोन कानापासून लांब धरून डोळे मिटून तो हॉर्न ऐकायचे आणि म्हणायचे, "इचार करून सांगतो."

वर्षभर विचार चालला. इकडं डाळिंबात गवत माजलं. मजूर मिळेना. आप्पा पहाटे उठून खुरपं घेऊन बसायचे आणि दुपारी कंबर धरून उठायचे. शेवटी महादू एका रविवारी आला आणि बापासमोर उभा राहून म्हणाला, "आप्पा, बाग मरतीया. म्होरल्या रविवारी मी यवतहून ट्रॅक्टर आणून दारात उभा करणार. आता मी इचारायचो न्हाई."

त्या संध्याकाळी आप्पा बांधापाशी आले. "अन्वर, तुला सुट्टी कवा?"

"बुधवारी. का?"

"जालन्याला चल. तुला मशिनीतलं कळतं."

बुधवारी पहाटे आम्ही निघालो. आप्पांनी नवं धोतर नेसलं होतं, डोक्याला पटका होता. एका हातात डाळिंबांची पेटी आणि दुसऱ्या हातात पुरुषभर उंचीची एक काठी. मला वाटलं आधाराला घेतली असेल. पण ते काठी टेकत नव्हते, उचलून चालले होते. शिरूरला एसटीत चढताना कंडक्टरनं हटकलं, तेव्हा खुलासा झाला. ती डाळिंबाच्या दोन ओळींमधल्या अंतराएवढी बरोबर तोडलेली होती. "कागदावरलं माप खोटं असू शकतंय," आप्पा कंडक्टरला म्हणाले. "काठी खोटं बोलत न्हाई." कंडक्टरनं मला खुणेनंच विचारलं की म्हातारा ठीक आहे ना. मीही खुणेनंच सांगितलं की मला माहीत नाही.

जालन्याला शोरूमच्या फाटकात पाऊल ठेवलं आणि वॉचमन खुर्चीतून उठला. त्यानं काठी पाहिली, पटका पाहिला आणि आत तोंड करून हाक दिली, "खुटबावचे आप्पा आलेत."

मी जागच्या जागी थांबलो. आतून हात पुसत दोन मेकॅनिक आले. एकानं आप्पांच्या हातातली पेटी घेतली. दुसरा म्हणाला, "मोत्याचा पाय बरा झाला का, आप्पा?"

मोत्या म्हणजे आप्पांचा कुत्रा. त्याचा पाय दुखावला होता हे मला, बांधापलीकडच्या सख्ख्या शेजाऱ्याला, माहीत नव्हतं.

"लंगडतोय अजून," आप्पा म्हणाले. "पण खातोय."

मग वैशालीताई आल्या. मी कुणी कोवळी पोरगी असेल असं धरून चाललो होतो. या चाळिशीच्या, जाड चष्म्याच्या, थकल्या चेहऱ्याच्या बाई होत्या. वाकून आप्पांच्या पाया पडल्या आणि म्हणाल्या, "मला वाटायचं तुम्ही चांगले उंच असताल."

"फोनवर समद्यांचाच आवाज उंच लागतो," आप्पा म्हणाले.

माझ्याकडं वळून त्या म्हणाल्या, "तुम्ही अन्वरभाई ना? तुमच्या आई कशा आहेत आता? हात उचलायल्यात का?"

मागच्या उन्हाळ्यात अम्मीला अर्धांगवायू झाला होता. डावी बाजू गेली होती. सगळा गाव येऊन बघून गेला. आप्पा आले नाहीत. एकदाही उंबरा चढले नाहीत, आणि ते माझ्या मनात बसलं होतं.

"तुम्हाला कसं माहीत?" मी विचारलं.

"आप्पा रोज सांगायचे की. आज खाटेवर उठून बसल्या. आज चमचा हातात धरला. आज भिंतीला धरून दारापर्यंत आल्या. आम्ही इथं सगळे वाट बघायचो. त्या दारापर्यंत आल्या म्हणल्यावर मी टेबलावर पेढे ठेवले होते."

मी आप्पांकडं पाहिलं. ते पाठ करून ट्रॅक्टरला काठी लावून बघत होते.

ट्रॅक्टर छान होता. लाल, बुटका, एखाद्या धष्टपुष्ट गोऱ्ह्यासारखा. काठी आडवी धरली तर दोन्ही बाजूंनी हात जाईल एवढी जागा उरत होती. मी इंजिन चालू करून बघितलं, गिअर बघितले, मागं गवत काढायचा रोटर कसा बसतो ते बघितलं. कुठंच खोट नव्हती. मी तसं सांगितलं.

"रंग लाल हाय," आप्पा म्हणाले.

"तुम्हीच लाल सांगितला होता, आप्पा," वैशालीताई म्हणाल्या.

"सीट बारीक हाय."

"बसून बघा."

ते बसले. सीट त्यांना पुरून उरली. खाली उतरले, टायर दाबले, दिवे लावून पाहिले, परत लाल रंगाकडं आले. मग म्हणाले, "इचार करून सांगतो," आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले.

मला काही सुधरेना. एवढ्या लांब येऊन, डोळ्यांदेखत बाग जात असताना, चांगली वस्तू समोर उभी असताना माणूस नाही म्हणतो. मी वैशालीताईंना म्हणालो, "माफ करा ताई. तुमचा फुकट वेळ गेला."

"नाही हो." त्यांनी आवाज खाली आणला. "त्यांना ट्रॅक्टरची घाई नाही, हे मला केव्हाच कळलं होतं. ज्या दिवशी घेतील त्या दिवशी फोन करायचं कारण संपतंय ना. पण आता माझंच अवघड झालंय. एका गिऱ्हाइकापायी एवढा वेळ घालवता, म्हणून मालक बोलायलेत. या महिन्यात हा सौदा झाला नाही तर मला टेबलावरून काढून मागं गोडाऊनला टाकणारेत. त्यांना सांगू नका मात्र. जिवाला लावून घेतील."

मी बाहेर जाऊन सांगितलं.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. पटका काढून मांडीवर ठेवला, परत डोक्याला बांधला. "वरीसभर बोलतीया," ते म्हणाले, "आन् यातलं एक अक्षर काढलं न्हाई तिनं." मग उठले. आत गेले ते सरळ मालकाच्या केबिनमध्ये. मी मागोमाग गेलो.

"ट्रॅक्टर घेतला," ते मालकाला म्हणाले. "लालच द्या. आन् एक सांगतो. मला माझ्या गावाजवळ धा जण ट्रॅक्टर इकत होते. या बाई हायत म्हणून मी हितं आलो. ते तुमच्या ध्यानात असू द्या."

मालक उभा राहिला. खुर्ची पुढं केली. मी वर्षानुवर्षं ज्या माणसाच्या तोंडून "व्हय" आणि "न्हाई" ऐकत आलो, तो माणूस एवढं सगळं एका दमात बोलला होता.

पैसे भरले, सह्या झाल्या. ट्रॅक्टर आठवड्याभरात टेम्पोनं घरपोच येणार होता. निघताना वैशालीताईंनी एक नंबर लिहून दिला. "सर्व्हिसिंगला तुमच्याच भागातला माणूस येईल, आप्पा. काही लागलं तर यालाच फोन करायचा. इथं करायची गरज पडणार नाही." हे बोलून त्या पेटीतली डाळिंबं एकेक करून मेकॅनिकांना वाटायला लागल्या. बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही.

परतीच्या एसटीत आप्पा खिडकीकडं तोंड करून बसले होते. नेवासा मागं पडल्यावर मी म्हणालो, "आप्पा, अम्मीचं तिला सांगितलंत. माझ्याशी का न्हाई बोललात कधी?"

त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "तुला काय सांगायचं, अन्वर? तुला समदं ठावं. माझी बाई गेली ते ठावं, पोरगं लांब हाय ते ठावं. गावात कुणाफुडं तोंड उघडावं, तर त्याला आधीच ठाऊक असतंय. तिला कायच ठावं नव्हतं. तिला पयल्यापासनं सांगाया लागायचं. बाई कशी होती, सैपाक कसा करायची, कशावरनं भांडायची. सांगता सांगता मलाच ध्यानात यायचं."

"आन् आमच्या घरी का आला न्हाईत?"

"माझी अशीच पडली हुती. डावी बाजू. तुझ्या आईला तसं निजलेलं जवळनं बघवलं नसतं मला. बांधावरनं बघत हुतो."

शिरूर येईपर्यंत दोघंही खिडकीबाहेर बघत राहिलो.

ट्रॅक्टर आला. गाव बघायला लोटला. महादूनं नारळ फोडला आणि जालन्याहून आणल्याबद्दल बापाला दोन शब्द सुनावले. आप्पांनी "व्हय" म्हणून ऐकून घेतलं. पंधरवड्यात बागेतलं गवत गेलं, ओळी भांगासारख्या दिसायला लागल्या. दुपारचं बांधावरचं फिरणं मात्र थांबलं. जेवण झालं की आप्पा ट्रॅक्टरच्या सीटवर नुसते बसून राहायचे, इंजिन बंद ठेवून.

असेच एका दुपारी बसले होते. मी रात्रपाळी करून आलो होतो, अंगणात खाटेवर पडलो होतो. अम्मी दारात बसून उजव्या हातानं तांदूळ निवडत होती, डाव्या हातानं ताट धरत होती. माझा फोन वाजला. स्क्रीनवर आप्पांचं नाव आलं. इतक्या वर्षांत या नंबरावरून मला कधी फोन आला नव्हता. मी बांधापलीकडं पाहिलं. ते ट्रॅक्टरवर बसले होते, फोन कानाला होता, तोंड पलीकडं होतं.

मी उठून हाक मारली असती तर त्यांना ऐकू गेली असती. चार पावलांत बांध ओलांडून जाताही आलं असतं. अम्मी म्हणाली, "कुणाचा रे?"

मी तिला हातानंच थांबवलं, फोन कानाला लावला आणि त्यांच्याकडं पाठ करून बसलो.

"बोला आप्पा," मी म्हणालो. "कुठनं बोलताय?"

पलीकडून खाकरल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "खुटबावहून बोलतोय. डाळिंब हाय माझं. येळ हाय का तुमाला?"

"हाय," मी म्हणालो. "सांगा पयल्यापासनं."