सोनूनानांची न संपणारी कादंबरी

सोनूनाना प्रेमप्रसंग वाचायचे नाहीत. राजकन्या आणि सरदार एकमेकांच्या जवळ आले, की नाना घसा खाकरायचे, बोटाला थुंकी लावून दोन-तीन पानं उलटायचे आणि जाहीर करायचे, "हिथं निसर्गवर्णन हाय." वाचन पुन्हा सुरू व्हायचं तेव्हा सरदार घोड्यावर बसलेला असायचा आणि राजकन्या का लाजलीय, ते ज्याचं त्यानं समजून घ्यायचं.

हे सगळं चालायचं माझ्या पडवीत, ऐन भाकऱ्यांच्या वेळेला. तक्रार कुणाकडे करणार? पुस्तक माझंच होतं. मी पोलादपूरच्या हायस्कुलात मराठी शिकवते, त्यामुळे महाडला पुस्तकांचं प्रदर्शन लागलं की रिकाम्या हाताने परत येता येत नाही. अशीच एकदा ही जाडजूड कादंबरी उचलून आणली. यादवांच्या काळातली. राजकन्या हेमांगी, सरदार रणधीर, एक कपटी मामा आणि पौर्णिमेला माणसासारखा बोलणारा काळा घोडा. मी ती दोन दिवसांत संपवली आणि नानांचा वेळ जाईना म्हणून त्यांना दिली. तेवढ्या एका सत्कृत्याने माझी पडवी गेली.

नाना नात्याने माझे चुलत सासरे. आमची बौद्धवाडी हमरस्त्यावरून वर चढून आल्यावर लागते, आणि इथे आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासात, विहारात रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन होतं. निवृत्त होऊन वाडीत आल्यापासून ते वाचन नानांकडे होतं. मग नव्या पोरांनी माईक आणला. नाना म्हणाले, ज्याला ऐकायचंय तो जवळ येऊन बसेल, माईक कशाला? पोरं ऐकेनात, तसे नाना उठून घरी आले. गळा तयार, बैठक तयार, आणि हातात ग्रंथ नाही, अशी त्यांची अवस्था होती. त्यात मी ही कादंबरी दिली.

आता मला सांगा, माणसाला वाचायची एकच रीत ठाऊक असली तर तो काय करणार? नाना पाय धुऊन, धुतलेला पांढरा सदरा घालून यायचे. कादंबरी स्वच्छ फडक्यात गुंडाळलेली. ती पाटावर ठेवून मांडी घालायचे आणि विहारातल्या त्याच संथ, लांबवलेल्या सुरात तलवारबाजी वाचायचे. परिच्छेद संपला की थांबून विचारायचे, "इथवर ध्यानात आलं?" आणि मग शिकवण सांगायचे. राजकन्येला महालातून पळवून नेलं त्या दिवशी सगळे श्वास रोखून बसलेले, आणि नाना म्हणाले, यातून घ्यायचं एवढंच, की पहारेकऱ्याने दुपारी जड जेवू नये.

घोडा आला की मात्र नानांची बैठक मोडायची. त्यांची सगळी नोकरी खेडला, जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारा ड्रेसर म्हणून झालेली. घोडा बोलतो याला त्यांची काही हरकत नव्हती. पण लढाईत त्याला भाला लागला आणि रणधीरने जखमेवर नुसती हळद दाबली, तेव्हा नानांनी पुस्तक मिटून खाली ठेवलं. आधी धुवायला नको काय, म्हणाले, आत माती राहिली तर पू होईल, मग घोडा काय बोलणार? लेखकाला त्यांनी त्यानंतर कधी पुरतं माफ केलं नाही.

ऐकायला वाडीतल्या चार बायका यायच्या, शिवाय चुलीपाशी मी. आणि एक श्रोता समोर, गल्लीपलीकडच्या पायरीवर. चंद्राआत्या. नानांची सख्खी धाकटी बहीण. दिली वाडीतल्या वाडीतच, त्यामुळे तिचं सासर आणि माहेर समोरासमोर, मधे माझं अंगण. ती अर्धी पाठ फिरवून तांदूळ निवडत बसायची आणि आपण ऐकत नाही असं दाखवायची. कारण भावाबहिणीचं बोलणं कैक वर्षं बंद होतं.

बंद म्हणजे थेट बोलणं बंद. आडून बोलणं चालूच होतं. आत्याची एक ठिपक्यांची कोंबडी होती, कवडी. आत्याला नानांना काही सुनवायचं असलं की ती कवडीला सुनवायची. "आयकलंस काय गो कवडे, आज निसर्ग लय झाला." त्यावर नाना माझ्या पडवीच्या खांबाला सांगायचे, "ज्याला नको त्यानं दार लावून घ्यावं." कोंबडी आणि खांब यांच्यात असं तासभर भांडण चालायचं आणि माझ्या तव्यावरची भाकरी करपायची.

भांडणाचं मूळ आत्याच्या मुलाच्या, प्रवीणच्या लग्नात. मी तेव्हा या घरात आले नव्हते, पण दोन्ही बाजू मला पाठ आहेत. लग्न इथेच, आत्याच्या दारात. नाना नवऱ्याचे सख्खे मामा, खेडहून निघालेले. कशेडीला आता बोगदा झालाय, तेव्हा सगळी वाहतूक घाटातून. घाटात टँकर आडवा झाला आणि रस्ता बंद. इकडे बौद्धाचार्यांना पुढे माणगावात दुसरं लग्न लावायचं होतं. मे महिन्यात त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. ते थांबेनात. मामाशिवाय लग्न लागलं. नानांचं म्हणणं, ते खांबालाही सांगून झालेलं, की आपल्यात मुहूर्त नाय, पंचांग नाय, मग घाई कसली होती? आत्याचं म्हणणं, टँकर हलल्यावर खेडची बाकीची माणसं आलीच ना, जेवून गेली. हाच तेवढा आला नाय. रुसून अर्ध्या वाटेतून परत फिरला.

प्रवीण आता विरारला असतो. तळीयेला दरड कोसळून गाव गाडलं गेलं, तेव्हापासून त्याचं डोकं ठिकाणावर नाही. आत्याचं घर वाडीत सगळ्यात वर, मागे दरडीला टेकलेलं. इकडे पाऊस लागला की तिकडून त्याचा फोन. या वर्षी त्याने निकाल लावला, घर बंद करायचं आणि आईला कायमची घेऊन जायचं. आत्या फोनवर बोलते ते खाली हमरस्त्यावर ऐकू येतं, त्यामुळे तिचं उत्तर आम्हा सगळ्यांना कळलं. म्हणाली, "नानाचं पुस्तक चाललंय. तेवढं संपलं का येते."

वाक्य साधंच होतं. मी भाकरी उलटली आणि विसरून गेले. नाना विसरले नाहीत.

त्यानंतर गोष्ट हळू झाली. राजकन्या गडावरून उतरायला निघाली ती उतरेचना. प्रत्येक झऱ्यापाशी बसू लागली. मी पेपर तपासत असायचे, त्यामुळे नीट कान नव्हता. एके संध्याकाळी मात्र कानावर आलं, की सरदाराचा घोडा लंगडतोय आणि सरदाराने लाल औषधाच्या पाण्याने खूर धुऊन वर घट्ट पट्टी बांधली. मी पेन ठेवलं. अहो, यादवांच्या काळात लाल औषध? आणि त्या कादंबरीत घोडा कधी लंगडत नाही, शेवटी तो सरळ आभाळात उडून जातो. मी पाणी द्यायच्या निमित्ताने नानांच्या मागे जाऊन उभी राहिले. पुस्तक शेवटच्या पानावर उघडं होतं. त्या पानावर कथा नव्हतीच, प्रकाशकाच्या पाककृतींच्या पुस्तकांची जाहिरात होती. त्या जाहिरातीत बघून नाना संथ सुरात घोड्याची पट्टी बदलत होते.

सकाळी मी विचारलं. नाना जराही वरमले नाहीत. म्हणाले, लिहिणाऱ्याने शेवटी घाई केलीय, मी जरा सावकाश घेतोय. मी म्हटलं, नाना, ती दरड पाहिलीत का? तर म्हणाले, रोज बघतो. आणि ते खरं होतं. पावसाचा जोर वाढला की नाना छत्री आणि टॉर्च घेऊन आत्याच्या घरामागे फेरी मारून यायचे, हे मी पाहिलं होतं. मला वाटायचं, त्यांचं काही फणसाबिणसाचं झाड असेल तिकडे. त्या सकाळी माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मला त्यांचा राग आला, आणि दयाही आली. या माणसाला बहिणीला जाऊ नको म्हणता येत नव्हतं, म्हणून तो घोड्याला लंगडा करून बसला होता.

परतीच्या पावसाने मात्र सगळं उलटं केलं. एका दुपारी आत्याच्या गोठ्यामागची माती खाली आली. फार नाही, पण गोठ्याची भिंत गेली. गुरं बाहेर होती म्हणून वाचली. प्रवीणचा फोन आला तेव्हा तो रडत होता. आत्या त्याला म्हणाली, थोडंसंच राहिलंय रे, पुस्तक संपूं दे. नाना गल्लीत उभे राहून ती पडकी भिंत बघत होते.

त्या संध्याकाळी नाना नेहमीसारखेच आले. पाय धुतलेले, सदरा पांढरा. फडकं सोडलं आणि वाचू लागले.

"बरीच वर्षे लोटली. राजकन्येच्या पुत्राचा विवाह ठरला. राजकन्येला एक थोरला बंधू होता, त्याचा उल्लेख मागे राहून गेला. तो विवाहाला निघाला असता घाटात हत्ती आडवा झाला. गाड्या, पालख्या, सगळे जागच्या जागी अडकले. बंधू पालखीतून उतरला आणि चालू लागला. काखेत बहिणीसाठी साडी होती. अर्ध्या घाटात वहाण तुटली, ती त्याने टाकून दिली. मांडवापाशी पोहोचला तेव्हा पंगत बसली होती. बहीण पाहुण्यांना आग्रह करत होती, हसत होती. त्याला वाटले, आपल्यावाचून काही अडलेले नाही. असा अनवाणी, घामाने भिजलेला मामा चार लोकांत कशाला उभा करायचा? तो आल्या वाटेने परत गेला. बहिणीला वाटले, रुसला. त्याने तिला कधी सांगितले नाही. समाप्त."

नानांनी पुस्तक मिटलं. ध्यानात आलं का, हे त्यांनी विचारलं नाही. बायका उठेनात. मी चुलीपाशी होते, पण मला चूल दिसत नव्हती, डोळ्यांत पाणी होतं.

आत्या सूप खाली ठेवून उठली. गल्ली ओलांडून माझ्या अंगणात आली आणि पडवीच्या पायरीशी उभी राहिली.

"दादा," ती म्हणाली, "साडी कुठल्या रंगाची होती?"

नाना फडक्याची गाठ मारत होते. ती काही बसेना. "हिरवी," ते म्हणाले. "हाय अजून. ट्रंकेत."

"मग हाक का नाय मारलीस?"

"लग्न लागून गेलेलं गो." मग त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. "पुस्तक संपलं आता. प्रवीणला सांग, येऊन घेऊन जा. ती दरड नाय धरायची."

"संपलं ते कवाच म्हाईत हाय मला," आत्या म्हणाली. "तू पानं उलटत नव्हतास. मीच पोराला सांगत होते, अजून हाय, अजून हाय म्हणून."

मग ती पायरीवर बसली आणि ते फडकं ओढून घेऊन गाठ तिनंच मारली.

प्रवीण रविवारी जीप घेऊन आला. दोन गाठोडी, एक पेटी, एवढंच सामान. गुरं शेजाऱ्यांकडे गेली, कोंबडी माझ्याकडे आली. आत्या बाहेर आली ती हिरव्या साडीत. इतकी वर्षं घडीत राहिलेली साडी, घड्यांच्या जागी रंग विटलेला. नाना जीपजवळ उभे होते. आत्याने आधी साडीलाच नावं ठेवली, हा काय रंग आणलास, म्हातारीला शोभतो काय, तेव्हा तरी कुठं शोभला असता. मग विचारलं, गोळी घेतोस की नाय? रात्री नुसत्या चहावर निजतोस, ते मला समोरून दिसत नव्हतं असं वाटलं काय? दाढी कर. सदऱ्याचं बटण लावून घे हिच्याकडनं. पाऊस असला तर आता मागं फिरायला जाऊ नको, तिकडं कोण नाय. प्रवीण घड्याळ बघत होता, ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला, आणि ती बोलतच होती. गुडघ्याला तेल लाव. विहारात जाऊन बस, माईक असला म्हणून काय झालं. नाना प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. जीप सुटली तरी ती खिडकीतून मान काढून काहीतरी सांगत होती. खालच्या वळणापर्यंत आवाज येत होता, शब्द कळत नव्हते.

नाना माझ्याकडे वळले. म्हणाले, "शेवटचं काय बोलली, तुला आयकू आलं काय गो?"