नर्मदेच्या मधोमध घर

लेकीचा, पूर्णिमाचा साखरपुडा उद्यावर आला होता आणि नळाला चार दिवसांपासून थेंब नव्हता. नंदाताई रिकामी बादली घेऊन नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"चाळीस लोकांचा चहा काय तुमच्या घामानं करू?"

"तक्रार केली न! काम सुरू आहे त्यायचं," गुणवंतराव म्हणाले. तीस वर्षं कारखान्याच्या खरेदी विभागात घासलेला माणूस. टेंडर म्हणजे त्यांचं दैवत, आणि खोटा अहवाल म्हणजे महापाप.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे मनिलाहून एक बाई पुस्तकी हिंदीत बोलत होत्या. "मान्यवर, आपकी शिकायत का निवारण हो चुका है।"

"कहाँ हुआ, दीदी? नल सूखा पड़ा है!"

"प्रमाण के अनुसार आपके स्थान पर प्रचुर जल है।"

मोबाइलवर प्रमाण आलं. फोटोत दोन्ही काठ भरून नर्मदा वाहत होती.

झालं होतं असं, की गुणवंतरावांनी पत्ता जबलपूरच्या रिवाजाप्रमाणे दिला होता: ग्वारीघाटाच्या अलीकडे, पिंपळाच्या मागे, जोशी सरांच्या समोर. मनिलाच्या नकाशाला त्यातला फक्त ग्वारीघाट सापडला आणि त्यानं खूण ठोकली थेट धारेत.

गुणवंतराव भारावून गेले. "पाहा नंदा! इथल्या पाण्याच्या हापिसानं तक्रारींचा ठेका दिल्लीला दिला, दिल्लीनं सिंगापूरला, सिंगापूरनं मनिलाला. आपली तक्रार समुद्र ओलांडून गेली, अन् बारा घंट्यात निकाली!"

"अन् पाणी?"

"पाण्याचं टेंडर वेगळं असते."

तक्रार पुन्हा उघडायची तर त्याच जागेचा, त्याच तपासनिसानं काढलेला नवा फोटो हवा. ज्याला हे खोटं वाटत असेल त्यानं सरकारी ठेक्याचे नियम कधी वाचलेले नाहीत. तपासनीस निघाला मोहन, ग्वारीघाटाचा नावाडी.

"हओ काकाजी, फोटो हमई ने खींची," नवरा-बायको घाटावर पोचल्यावर तो नावेतूनच म्हणाला. "जगह बीच धार में थी, तो नाववाला ही भेजेंगे न!"

"तो लिख दे भैया, यहाँ पानी नहीं है।"

मोहननं कान पकडले. "मैया की गोद में बैठके झूठ?"

गुणवंतरावांची मान खाली गेली. एवढा सच्चा तपासनीस त्यांना तीस वर्षांत भेटला नव्हता.

नंदाताईंना मात्र वेळ नव्हता. "अहो, काहून त्याले त्रास देऊन राहिले? मोहन भैया, ड्रम हैं क्या?"

संध्याकाळी मोहननं मेव्हण्याच्या गाडीतून सहा ड्रम पाणी दारात उतरवलं. दुसऱ्या दिवशी साखरपुडा थाटात झाला. व्याह्यांनी तर चहा दोनदा मागितला.

पाहुणे गेले आणि फोन वाजला. "मान्यवर, क्या हमारे कर्मचारी के आने के बाद आपको जल मिला? हाँ के लिए एक दबाइए।"

"दोन दाबा! नाही म्हणा!" नंदाताई स्वयंपाकघरातून धावल्या.

"अवं, पण मिळालं न! त्यायच्याच माणसानं आणलं." गुणवंतरावांनी डोळे मिटून, देवाला फूल वाहावं तसा एक दाबला.

नंदाताईंनी कोरड्या नळाखालची बादली उचलली आणि त्यांच्या हातात दिली.

"जा मग. तुमच्या पत्त्यावर लई पाणी आहे. भरून आणा."