‘गुदमरणे’ची उपसमिती

एखाद्या शब्दाचा अर्थ अधिकृतपणे ठरेपर्यंत नागरिकाने तो अनुभवू नये, हे सुसंस्कृत समाजाचं लक्षण आहे. आमच्या शब्दकोश मंडळाने ही शिस्त कायम पाळली. ‘भूक’ या शब्दाची बैठकसुद्धा आम्ही भरपेट जेवून मगच घेतली होती.

‘गुदमरणे’साठी पाच जणांची उपसमिती नेमली. त्यात अध्यक्षांचे सासरेही होते (निव्वळ गुणवत्तेवर, जावयाने फक्त सही केली). टेबलावर शब्दांच्या चिठ्ठ्या क्रमाने मांडलेल्या असतात, म्हणून बैठकीत पंखा बंद आणि खिडक्या लावलेल्या, ही आमची जुनी पद्धत. चिठ्ठी उडाली की भाषा उडाली, असं अध्यक्ष म्हणतात. फार मोठा माणूस.

अर्थावर चटकन एकमत झालं: ‘हवेअभावी जीव कासावीस होणे’. घोडं अडलं ते उदाहरणापाशी. चौऱ्याहत्तर टक्के सदस्यांना एकही वाक्य सुचेना (पाच जणांत हे कसं बसवलं, ते आमच्या संख्याशास्त्र्याला विचारा).

तेवढ्यात सासरेबुवा कॉलर सैल करत म्हणाले, “जावईबापू, खिडकी उघडा हो! जीव गुदमरतोय माझा!”

“वा! काय बोललात!” अध्यक्ष उभेच राहिले. लेखनिकाने वाक्य टिपून घेतलं. “मामा, पुन्हा एकदा म्हणता? भूतकाळात म्हणालात तरी चालेल.”

“अहो, खिडकी! आधी खिडकी!”

“यात मूळ शब्द येत नाही,” लेखनिकाने नम्रपणे निदर्शनास आणलं.

तिसऱ्या वेळी सासरेबुवांनी नुसतेच हात हलवले. हातवारे कोशात घ्यावेत का, यावर चर्चा मस्त रंगली. दोन मतं बाजूने, दोन विरुद्ध. निर्णायक मत सासरेबुवांचं, आणि नेमके तेच खुर्चीवरून घसरले. ही बेफिकिरी इतिवृत्तात नोंदवण्यात आली.

मग रीतसर ठराव करून खिडकी उघडली. चिठ्ठ्या भुर्रकन उडाल्या. बाकीच्या सापडल्या, ‘गुदमरणे’ तेवढी गेली. छापलेल्या कोशात ‘गुदगुली’नंतर थेट ‘गुदाम’ आहे. सबब, यापुढे कुणालाही अधिकृतपणे गुदमरता येणार नाही.

कोश धडाक्यात खपतोय. ती चिठ्ठी सापडली का, असे फोन रोज येतात. तुम्हीही तेच विचारणार होतात ना? सासरेबुवा घसरून बराच वेळ झाला, आणि तुम्ही आपले मजेत पुढे वाचत आलात.