दहावी ‘ब’च्या वर्गात यादवी शिकविली त्याची हकीकत

जिची बोटे खडूने पांढरी आहेत आणि जिला कोणत्याही कार्यकारिणीची मंजुरी लागत नाही, त्या शारदेस नमस्कार करून लिहितो ऐसे जे, शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मासी, एका राज्यात, ज्याचे नाव घेण्याची गरज नाही, दहावीच्या मुलांस यादवीची कारणे शिकविण्यात आली, त्याचा मजकूर यथास्थित श्रवण करावा. त्या राज्यात नव्वद वर्षांमागे मोठी यादवी जाहली होती. वरला प्रांत आणि खालचा प्रांत ऐसे दोन भाग, आणि खालच्या प्रांती सरदारांच्या जमिनी अफाट, आणि जमिनीस माणसे जखडलेली, त्यांस बांधील म्हणत, शेत विकले की बांधील विकला जाई, बैलाशेजारी उभा करून दात पाहून त्याची किंमत होई, आणि आई एका सरदाराकडे तर लेक दुसऱ्याकडे जाई. मग वरल्या प्रांताने ठराव केला की माणूस विकणे बंद, आणि खालच्या सरदारांनी हत्यार उपसले, आणि चार वर्षे लढाई होऊन सरदार हरले आणि बांधील सुटले. येथवर गोष्ट सोपी होती. परंतु पुढे तह जाहला, आणि तहात सरदारांस जमिनी परत मिळाल्या, मग मान परत मिळाला, मग त्यांच्या लेकांनी शाळा काढिल्या आणि कॉलेजे काढिली, आणि नातवांपैकी कित्येक विद्वान होऊन पाठ्यपुस्तकाच्या समितीवर आरूढ जाहले. लढाई आजोबा हरले. धडा नातवांनी जिंकिला.

त्या धड्यात यादवीची कारणे चार दिली होती. एक, दोन्ही प्रांतांच्या हवामानातील फरक. दोन, मिठावरील जकात. तीन, नेत्यांचा तापट स्वभाव. चार, गैरसमज. आणि बांधिलांविषयी एकच ओळ, ती ऐशी की, त्या काळी काही भागांत श्रमाची पारंपरिक पद्धत रूढ होती. पारंपरिक! वाचणाऱ्याने येथे क्षणभर थांबावे आणि स्वतःस पुसावे की, गैरसमजाने कोणी कोणाच्या तोंडात बोट घालून दात मोजतो काय, आणि हवामानामुळे कोणी आईपासून लेक तोडतो काय. तर हा धडा दहावी ‘ब’च्या वर्गावर शिकविण्याची कामगिरी सुलभाबाई मोरघडे यांजकडे होती. बाई मराठी आणि इतिहास शिकवीत, नोकरी कच्ची होती, उन्हाळा सरता पक्की व्हायची होती, आणि त्याच भरवशावर त्यांनी म्हाताऱ्या आईस गावाहून आणून भाड्याच्या दोन खोल्यांत ठेविले होते. बाईंनी धडा उघडून मथळा वाचला मात्र, तों मधल्या बाकावरून कोमल आडसुळे नामे मुलगी उभी राहिली. तिचा पणजा बांधील होता. ती बोलिली, “बाई, यादव एका घरचे होते ना? दारू पिऊन आपसात मेले म्हणून यादवी. मग ही यादवी कशी? आमचा पणजा काय सरदारांच्या घरचा होता? म्हणजे होता, पण गोठ्यात.” वर्ग हसला. तेव्हां मागल्या बाकावरून विश्वजित सुभेकर, जो सरदारांच्या घराण्यातला, तो म्हणाला, “तुझ्या पणज्याला खायला कोण घालत होतं, ते पण सांग की.” आणि कोमल मागे न वळता बोलिली, “बैलाला पण घालतात. विकायच्या आधी जरा जास्तच.”

आता बाईंनी दोघांस बसवून मिठावरील जकात शिकविली असती तर नोकरी पक्की होती. त्यांनी खडू घेतला आणि धड्यातील वाक्ये, आणि धड्याने गाळिलेले एक त्याच थाटात, फळ्यावर मांडिली: युद्ध पेटले. नाती तुटली. माणसे विकली गेली. हजारो जीव गेले. मग म्हणाल्या की आजचा तास व्याकरणाचा समजा, पेटले याचे पेटवले करा, तुटली याचे तोडली करा, विकली गेली याचे नुसते विकली करा, गेले याचे घेतले करा, आणि मग प्रत्येक वाक्यास पुसा: कोणी? धड्यात सापडत नसेल तर घरी विचारून या. मुले घरोघर गेली आणि विचारिती जाहली, आणि दुसरे दिवशी सगळ्यांआधी हात वर केला तो विश्वजिताने. त्याने उभे राहून वाचले, “सुभेकर सरदारांनी माणसे विकली. पुढेही विकता यावी म्हणून त्यांनी युद्ध पेटवले.” वर्गात कोणी हसले नाही. कोमलने प्रथमच मागे वळून पाहिले.

यानंतर गावात खळबळ माजली. माजली नव्हे, माजविली. कोणी? रणधीरराव सुभेकर यांनी, जे विश्वजिताचे काका आणि शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. मग बाईंस बोलावणे आले. आले नव्हे, धाडिले. कोणी? मुख्याध्यापक पोटे यांनी. पोटे सर स्वभावे गरीब, निवृत्तीस आलेले, त्यांनी बाईंस खुर्ची दिली आणि हळू आवाजात तोड सुचविली: “बाई, पाचवं कारण म्हणून घाला ना. पाच कारणं, पाच गुण. कोणाचंच मन दुखत नाही.” पहा हो पहा! मिठास एक गुण आणि माणसास एक गुण, दोहोंचे वजन सारखे, आणि याचे नाव समतोल! बाई म्हणाल्या, “सर, हवामान आजही तेच आहे. मीठही तेच खातो आपण. मग आज का लढाई नाही?” पोटे सरांनी टेबलावरची घंटी उगाच सरळ केली आणि म्हणाले, “आईंना आणलंय ना इथे तुम्ही? विचार करा.” बाईंनी रात्रभर विचार केला, सकाळी आईस सांगितला, आणि आईने चहा गाळता गाळता एवढेच पुसले की, सामान बांधायला कधी घेऊ.

मग कार्यकारिणीचा दरबार भरला. भरविला. मधोमध रणधीरराव, दोहों बाजूंस सभासद, बाजूस पोटे सर, आणि बाईंस उभे ठेविले. ठराव तयार होता की बाईंनी एका थोर घराण्याची बदनामी केली, त्यांनी माफी लिहून द्यावी आणि नोकरी राखावी. साक्षीस विश्वजितास आणिले. रणधीररावांनी मायेने विचारले, “बाळा, बाईंनी वर्गात आपल्या घराण्याचं नाव घेतलं की नाही?” विश्वजित म्हणाला, “नाही घेतलं. त्यांनी फक्त ‘कोणी’ विचारलं. नाव मी घातलं.” काका म्हणाले, तुला कोणी शिकवलं हे? तेव्हां तो मुलगा खाली पाहत बोलिला, “तुम्हीच, काका. जेवताना. मी विचारलं, आपण लढाई कशासाठी केली, तर तुम्ही म्हणालात, आपली माणसं आपली राहावीत म्हणून. अभिमानानं म्हणालात. मी तेच लिहिलं.” तेव्हां सभासद पंख्याकडे पाहू लागले, आणि चहा आला तो कोणी घेतला नाही, आणि बाईंनी माफी लिहिली नाही, आणि सभा तहकूब जाहली. जाहली नव्हे, केली.

पुढे आठवडा सरण्याआधी विश्वजितास दूरच्या शहरी वसतिगृहात टाकिले आणि शाळेच्या सूचनाफलकावर हुकूम लागला की, प्रशासकीय कारणास्तव श्रीमती मोरघडे यांची सेवा समाप्त करण्यात येत आहे. दहावी ‘ब’ त्याभोवती जमली. कोमलने मोठ्याने वाचले आणि शेवटाशी अडून म्हणाली, “करण्यात येत आहे. कोणी?” पोटे सरांनी मुलांस रांगेत उभे राहण्यास सांगितले. बाई आईस घेऊन परत गावी गेल्या आणि तेथे शिकवण्या घेतात ऐसे कळते. नव्या मास्तरांनी तोच धडा एका तासात आटोपला आणि चारही कारणे मुलांकडून पाठ करून घेतली.

सारांश ऐसा की, सुलभाबाईंची सेवा समाप्त झाली नाही, केली. कोणी? रणधीरराव सुभेकर यांनी हुकूम देऊन, पोटे यांनी सही करून, आणि बाकीच्यांनी पंख्याकडे पाहून. कारण प्रशासकीय नव्हते. कारण एकच होते: आपला धडा आपला राहावा. बखर समाप्त केली.