निर्वात अंगणवाडी

"संध्याताई, त्या वायरना काही भरोसा नही. रिनाले तठे बसाडू नका," आमच्या वस्तीच्या अंगणवाडीसेविका रुखमाबाई माझ्या लेकीबद्दल मला म्हणाल्या होत्या. वायर जागोजागी सोललेली, मुलांच्या डोक्यावर लोंबणारी. पण मी पडले बी.एस्सी.; शिवाय अंगणवाडी नुकतीच एका केबल कंपनीने दत्तक घेतली होती. साधीसुधी कंपनी नव्हे. सूर्यासारखी ऊर्जा तयार करणाऱ्या संलयन अणुभट्टीत हवा काढून टाकलेलं एक अजस्र पात्र असतं. त्याच्या आतली केबल ही मंडळी बनवतात.

"सूर्याला वायर जोडणाऱ्यांना एक बल्ब जड आहे का, बाई?" मी म्हणाले.

कंपनीचे हिंमतराव साहेब रीतसर पाहणीला आले. "प्लास्टिक? निर्वातात प्लास्टिक वायू सोडतं. आमच्याकडे बंदी आहे." उरलंसुरलं आवरणही त्यांनी सोलून घेतलं. वीज मात्र चालू ठेवली. ती बंद करणं दुसऱ्या विभागाकडे येतं.

नवी केबल धातूच्या नळीतली, आत खनिजाची पूड भरलेली. पूड ओलावा शोषते, म्हणून आधी माठ बाहेर गेला. मग वाफेच्या कारणावरून खिचडी.

"आता मुलं," साहेब म्हणाले.

"मुलांनी काय केलं?"

"श्वास सोडतात, मॅडम. दमट असतो."

पोरं निंबाखाली गेली. रिना वायरीखालून सुटली, म्हणून मी आभाराचे चार शब्दही बोलले.

मग दार-खिडक्या सीलबंद झाल्या. भट्टीच्या पात्रात माणूस जात नाही, यंत्राचा हात जातो. म्हणून नवी केबल बसवायला आलेल्या वायरमन दोधूला परत पाठवलं. यंत्राच्या हाताची निविदा निघाली आहे. तोवर उपस्थिती शून्य, अपघात शून्य. साहेबांचा सत्कार झाला, दारावर 'शून्य अपघात केंद्र' अशी पाटी लागली. लोक तिच्यासमोर फोटो काढतात. मीही रिनाला कडेवर घेऊन काढला.

फोटो मोठा करून पाहिला, तर काचेमागे रुखमाबाई.

मी काच वाजवली. "बाई, बाहेर या."

"कशी येऊ? केंद्र सोडानं नही, आसा आदेश शे. हजेरी आठेच लागस."

साहेबांना फोन केला.

"त्या श्वास घेतात?"

"घेतात."

"मग खुलासा मागवावा लागेल."

रनाळ्यावरून दोंडाईच्याला जाता-येता तुम्हीही पाटीसमोर उभे राहालच. फोटो काढा. फक्त आधी काच वाजवून बघा, रुखमाबाई ओ देतात का. मीच गेले असते. पण रिना निंबाखाली छान खेळते आहे, आणि मला तिथून उठवत नाही.