भुवई नसलेलं बदक

परीक्षक बाई फाल आडनावाच्या निघाल्या, तिथेच मासाम्बा गेयेची भीती पळाली.

सेनेगल नदीच्या पाणथळीत पर्यटकांना होडीतून पक्षी दाखवायचे, तर परीक्षा देऊन वाटाड्याचा बिल्ला मिळवावा लागतो. जानेवारी संपत आला होता, पर्यटक येत होते आणि मासाम्बाची होडी काठावर वाळत होती. बिल्ला हवाच होता. पण फाल आणि गेये ही पिढीजात थट्टेची घराणी. एकमेकांना वाटेल ते बोलावं, अंगावरची वस्तू उचलून न्यावी; रागावायचं मात्र नाही.

"गेये? म्हणजे भाताची परात एकट्याने संपवणारे!" पेंदा फाल होडीत बसता बसता म्हणाल्या.

"तुम्हा फाल लोकांसाठी खरवड ठेवतो की, बाई!"

लव्हाळ्यापाशी एक लहानसं तपकिरी बदक चोचीने पाणी चाळत होतं.

"हे कोणतं?"

युरोपातून येणाऱ्या बदकाची पांढरी भुवई मासाम्बाला पाठ होती. याला ती नव्हती. "इथलीच कुठलीतरी बदकी."

"चूक. पांढऱ्या भुवईच्या बदकाचा नर आहे. इथे येतात तेव्हा नर माद्यांसारखेच दिसतात. भुवई उमटते परतायच्या सुमाराला. पंखाचा खांदा बघ, निळसर राखाडी."

मासाम्बा पोट धरून हसला. "भुवई काय घरी विसरून आला? बाई, थाप तरी धड मारा!"

"खरं सांगतेय. तू नापास."

"वा! चेहरा काय गंभीर ठेवलाय!" म्हणत त्याने बाईंच्याच खिशावरचा वाटाड्याचा बिल्ला काढून आपल्या सदऱ्याला लावला. बाईंना रीतीप्रमाणे रागावता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पाणथळीच्या फाटकाशी आल्या, तर पहाऱ्यावर मोदू गेये.

"बिल्ला?"

"अरे, मला ओळखत नाहीस?"

"ओळखतो ना, फालबाई. म्हणूनच विचारतोय. बिल्ला नसेल तर वाटाड्याबरोबर जा."

समोर मासाम्बाची होडी पर्यटकांसह निघत होती. बाई तीत बसल्या.

लव्हाळ्यातून एक बदक अगदी जवळ आलं. सगळं तपकिरी, पण डोळ्यावर पांढऱ्या पिसांची अर्धवट रेघ फुटलेली. त्याने पंख झाडले. खांदा निळसर राखाडी.

"हे कोणतं?" एका पर्यटकाने विचारलं.

मासाम्बाचं वल्हं थांबलं. तो बाईंकडे झुकला. "बाई, काल खरंच नापास केलंत?"

"छे रे, थट्टा होती," बाई म्हणाल्या आणि त्याच्या सदऱ्यावरचा बिल्ला अलगद काढून घेतला.

आता रागावायचं नाही, हे मासाम्बाला कुणी सांगायला नको होतं.