परबकाकांचा स्टाफ

आमच्या भांडुपच्या बिल्डिंगमध्ये पाण्याचा पंप बंद पडत नाही, तो गैरहजर राहतो. लिफ्ट न कळवता रजेवर जाते. खिडकीत रोज चपातीचा तुकडा न्यायला येणारा कावळा पर्मनंट आहे आणि कबुतरं सगळी टेंपररी. हे ठरवतात आमच्या समोरच्या दाराचे परबकाका. त्यांच्या लेखी आम्ही सगळे स्टाफ.

विक्रोळीच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला त्यांनी चौतीस वर्षं काढली. गेटवर बसून हजेरी लावायची, उशिरा आलेल्याला मेमो द्यायचा. काका रिटायर झाले, पण टाइम ऑफिस डोक्यातून काही गेलं नाही. काकू जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही, म्हणून मेमो द्यायला आम्हीच उरलोय. एकदा त्यांची दुधाची पिशवी मी सकाळऐवजी संध्याकाळी पोचवली, तर म्हणाले, "काय रे झिला, शिफ्ट बदललंस?"

आता मुद्द्यावर येतो. खरं तर मुद्दा काय आहे हेच मला बराच वेळ कळत नव्हतं.

एका शनिवारी सकाळी सुनंदा दारात उभी. सुनंदा म्हणजे त्यांच्याकडे नि आमच्याकडे भांडी-लादी करणारी बाई. हातात कागद, डोळ्यांत पाणी.

"दादा, वाचा हे. मी काय केलं हो काकांच्या पाठीला?"

कागदावर काकांचं सुवाच्य अक्षर होतं. 'विषय : निलंबन. डॉक्टरांनी फोनवर कळविल्याप्रमाणे माझ्या पाठीवरील गळू स्टाफमुळे उद्भवले असून सदर स्टाफ औषधांस दाद देत नाही. माझ्याकडे पगारी स्टाफ म्हणून आपण एकट्याच असल्याने चौकशी पूर्ण होईपर्यंत आपणांस कामावरून दूर ठेवण्यात येत आहे. दुपारचा चहा मात्र नियमानुसार चालू राहील.'

मी दोनदा वाचलं. पाठ, गळू, स्टाफ, चहा. डोकं गरगरायला लागलं.

"तू त्यांना तेल-बिल काही लावलं होतंस का?"

"मी कशाला लावू? गळू आहे हेच मला आत्ता कळतंय!"

मी समोरची बेल वाजवली. काकांनी दार उघडलं आणि दोन पावलं मागे सरकले. "लांब रव! एकाचा दुसऱ्याक होता ह्या." मग लांबूनच त्यांनी सांगितलं ते असं. पंधरा दिवसांपासून पाठीवर गळू होतं. कुणाला न सांगता ते एकटेच दवाखान्यात जाऊन फोडून आले. पू तपासायला पाठवला होता, त्याचा रिपोर्ट आला आणि डॉक्टरबाईंचा फोन. स्टाफ निघालाय, नेहमीच्या औषधांना दाद देणारा नाही, दुसऱ्यांनाही होऊ शकतो, लगेच दाखवायला या.

"स्टाफ दाद देत नाही हे मला नवीन नाही," काका म्हणाले. "चौतीस वर्षं बघितलंय. पण थेट पाठीवर?"

"अहो पण सुनंदामुळे झालं असं म्हणाल्या का त्या?"

"नाव नाही घेतलं. डॉक्टर लोक सभ्य असतात."

सांगायला लाज वाटते, पण माझीही ट्यूब पेटली नव्हती. मला वाटलं, डॉक्टरबाई दवाखान्यातल्या स्टाफबद्दल बोलत असणार, कुणीतरी हात न धुता पट्टी केली असेल. सुनंदाचं म्हणणं, मला डॉक्टरांच्या तोंडून ऐकायचंय. शेवटी आम्ही तिघं एका रिक्षातून निघालो. काका एका कोपऱ्यात अंग चोरून, मधे मी, पलीकडे धुमसणारी सुनंदा.

डॉक्टरबाईंनी सुनंदाने पुढे केलेलं ते पत्र वाचलं, चष्मा काढला, परत घातला.

"काका, स्टाफ हे जंतूचं नाव आहे. पूर्ण नाव लांबलचक आहे, आम्ही थोडक्यात स्टाफ म्हणतो. बऱ्याच जणांच्या कातडीवर, नाकात तो असतोच. जखम मिळाली की आत शिरतो."

काकांनी विचार केला. "म्हणजे आतलाच माणूस."

"हो. आणि तुमचा हा नेहमीच्या गोळ्यांना पुरून उरलेला आहे. आधी काय काय घेतलं होतंत?"

काकांनी अभिमानाने सांगितलं. सर्दीला अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या, दाढेला तीन, उरलेल्या डब्यात. गळू आल्यावर त्याच डब्यातल्या, मनाने. "बरं वाटलं की थांबायचं. काम संपल्यावर बदली कामगार कोण ठेवतो?"

"वाट लावलीत तुम्ही," बाई स्पष्टच म्हणाल्या. "सर्दीला ही गोळी लागतच नाही. आणि अर्धवट घेतली की लेचेपेचे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात, मग तेच वाढतात. हा जर रक्तात शिरला ना, तर ॲडमिट करावं लागेल आणि मग माझ्याही हातात फारसं राहणार नाही. आता लिहून देते त्या गोळ्या शेवटपर्यंत घ्यायच्या. जखम उघडी ठेवायची नाही. टॉवेल, रेझर, चादर वेगळी, कपडे गरम पाण्यात. रोज पट्टी बदलायची, आधी आणि नंतर साबणाने हात धुवायचे, हातमोजे घालायचे. आत्तापर्यंत पट्टी कोण बदलत होतं?"

"मीच."

"पाठीवरची? कशी?"

काका जरा घुटमळले. "उलथन्याने."

आरशाकडे पाठ करून उभं राहायचं, उलथन्याच्या टोकाला मलम घ्यायचं आणि खांद्यावरून मागे न्यायचं. हात करून त्यांनी दाखवलंसुद्धा. मला हसू येणार होतं, ते आलंच नाही.

"घरी दुसरं कोण आहे?" बाईंनी विचारलं. काका भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले.

खरं तर मी बोलायला हवं होतं. पण घरी माझी दोन वर्षांची मुलगी आहे, आणि मी घाबरलो. चक्क घाबरलो.

"मी करते," सुनंदा म्हणाली. "कसं करायचं ते दाखवा मला."

"तू निलंबित आहेस," काका पुटपुटले.

"मग मोकळीच आहे की!"

त्या संध्याकाळी काका स्टुलावर बनियन वर करून बसले. सुनंदाने हात धुतले, मोजे चढवले, जुनी पट्टी काढून पिशवीत बांधली. मी दारातच होतो. तिचा हात पाठीला लागला तशी काकांची पाठ थरथरली.

"दुखलं का काका?"

"नाय गो." मग म्हणाले, "काकू गेल्यापासून पाठीला कुणाचा हात लागला नव्हता."

सुनंदाने एका हाताने कापूस धरून चिकटपट्टी लावली. माझी मलाच लाज वाटली. मी आत गेलो, हात धुतले आणि तिच्याकडून सगळं नीट शिकून घेतलं. सुनंदाच्या सुट्टीच्या दिवशी मी पट्टी करायला लागलो. पट्टी चालू असताना काका आमचे मेमो विसरून काकूंच्या गोष्टी सांगायचे. त्या कधी रागवायच्या, कधी आंबोळ्या घालायच्या, असलं काहीही.

गोळ्या त्यांनी शेवटपर्यंत घेतल्या. तीन आठवड्यांनी मी त्यांना परत दाखवायला घेऊन गेलो. डॉक्टरबाई खूश झाल्या.

"झकास भरलीय जखम. आता पट्टी बंद."

काका सावकाश शर्टाची बटणं लावत राहिले.

"मॅडम, अजून आठवडाभर पट्टी केली तर काही नुकसान आहे का?"

"अहो, आता गरजच नाही काका."

"गरज नाही ते समजलं," काका म्हणाले. "नुकसान आहे का, ते विचारतोय."